वाइन बिघडली नव्हती, तापली होती

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘गेल्या शनिवारी दीर-जाऊबाई जेवायला येणार होते म्हणून स्टेशनजवळच्या वाइन शॉपमधून शिराझ-कॅबर्नेची (या दोन काळ्या द्राक्षांच्या मिश्र रेड वाइनची) बाटली आणली, साडेसातशे रुपयांची. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची असं वाचलं होतं, म्हणून दुपारपासून टेबलावरच ठेवली. जेवायला आगरी मसाल्यातलं मटण, तांदळाची भाकरी आणि तळलेला बांगडा. पहिल्याच घोटाला घशात जाळ झाला, तोंड तुरट पडलं. बांगड्याबरोबर तर लोखंड चाटल्यासारखं लागलं. दीर म्हणाले, एवढ्या पैशात हेच मिळणार, त्यापेक्षा गोव्याची पोर्ट बरी. अर्धी बाटली ओट्यावर तशीच राहिली, सोमवारी बघितली तर आंबट ढोण. बाटली खराब निघाली का? महिनाअखेरीला पुन्हा सहा जण बसणार आहोत. या वेळी महागडी आणू का?’

ताई, महागडी आणू नका. तीच बाटली पुन्हा आणा. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक तक्रारीला वेगळं कारण आहे आणि त्यातल्या एकाचाही किमतीशी संबंध दिसत नाही. तीन हजारांची बाटली असती तरी मे महिन्यातल्या ऐरोलीत, आगरी मसाल्यासमोर, बांगड्याच्या शेजारी तिची हीच गत झाली असती. उलट महागड्या रेडमध्ये बहुतेक वेळा तुरटपणा जास्त असतो, म्हणजे तुमचा जाळ थोडा वाढलाच असता.

आधी तापमानाचं बघू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. ‘रूम टेम्परेचर’ हा शब्द युरोपातल्या जुन्या, दगडी, थंड घरांचा आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांवर असायची. आपल्याकडे मेमध्ये पंख्याखाली ठेवलेली बाटली ३१-३२ अंशांवर जाते. या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल भराभर उडू लागतं. ग्लास नाकाशी नेला की फळाचा वास येण्याआधी स्पिरिटचा झणका येतो आणि घोट घशात जळतो. फार गार केली तर उलटं होतं. फ्रीजच्या तळातून काढलेली, ५-६ अंशांची रेड मुकी होते, वास दबतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. म्हणून हलकी, साधी रेड १४ ते १६ अंशांवर ओतावी. ग्लासात ती दहा मिनिटांत दोन-तीन अंश वर चढतेच.

पुस्तकांत ‘अर्धा तास फ्रीजमध्ये’ असं लिहिलेलं असतं. ते २० अंशांच्या खोलीतल्या बाटलीसाठी आहे. आपल्या बाटलीला फ्रीजमध्ये साधारण दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, १० ते १२ मिनिटांत काम होतं. दोन बाटल्यांना दोन किलो बर्फ धरा. नुसत्या बर्फात खोचून ठेवू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली सावकाश गार होते. पाणी काचेला सगळीकडून भिडतं. फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर लावा. विसरलात तर वाइन गोठून फुगते, बूच बाहेर येतं, कधी काच तडकते. बाटली आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असेल तर जेवणाच्या पाऊण तास आधी बाहेर काढा. थर्मामीटर नसेल तर हाताने अंदाज घ्या: बाटली माठातल्या पाण्यापेक्षा गार लागली पाहिजे, फ्रीजमधल्या पाण्यापेक्षा कमी. आणि एका वेळी ७५ मिलीच ओता. ग्लास भरून ठेवला तर शेवटचे घोट पुन्हा तापलेलेच मिळतात.

आता मटण. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेची जाणीव देणाऱ्या पेशींना चेतवतं. भाजलेलं नसताना भाजल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. अल्कोहोलही याच पेशींना संवेदनशील करतं. म्हणजे तिखट खाऊन वाइनचा घोट घेतला की जाळ विझत नाही, भडकतो. त्यात रेडचा तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या खरखरीत होतात. दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर किंवा कच्चं केळं चावल्यावर तोंड जसं आवळतं, तेच हे. आधीच मिरचीने पोळलेल्या तोंडात ही खरखर दुप्पट बोचते. वाइनने तुम्हाला फसवलं नाही, तिला चुकीच्या शेजाऱ्यापाशी बसवलं.

बांगड्याचं रहस्य त्याहून सोपं आहे. रेड वाइनमध्ये थोडं लोह असतं. तेलकट माशातल्या चरबीशी त्याची गाठ पडली की काही क्षणांत उग्र, धातूसारखा, शिळ्या माशासारखा वास तयार होतो. मासा ताजा असूनही. बांगडा, पेडवे, तारली ही सगळी तेलकट मंडळी, म्हणून त्यांच्याबरोबर रेड अजिबात नको. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून कितीही ताजा मासा आणा, या भांडणात तोच बदनाम होतो. मासे करायचेच असतील तर ते वाइन उघडण्याआधी, सोलकढीबरोबर वाढा, मग तोंड पाण्याने खंगाळून वाइनकडे वळा.

दिरांना पोर्ट का आवडते, तेही या निमित्ताने सांगतो. आपल्याकडे अनेक घरांत रेड वाइनची पहिली ओळख गोव्याहून आलेल्या पोर्टनेच होते आणि ती गोड असते. साखर तुरटपणा झाकते, आंबटपणाही झाकते. तुमच्या बाटलीत साखर जवळपास नाही, किण्वनात तिचं अल्कोहोल झालं. अशा वाइनला ‘ड्राय’ म्हणतात. गोड सरबताची अपेक्षा धरून कोरा चहा प्यायला तर तो कडूच लागणार. दिरांना आधी सांगून ठेवा की ही ड्राय आहे, घोटाआधी तोंड तयार राहतं. त्यांच्या पोर्टला जेवणानंतर गोडाबरोबर जागा द्या, तिथे ती खरोखर शोभते. ड्राय रेड मात्र गोडाबरोबर घेऊ नका. श्रीखंडानंतर तिचा एक घोट म्हणजे आवळा आणि शाई.

हे सगळं पाहुण्यांना पटवायचा एक प्रयोग आहे, जेवणाआधी वीस मिनिटांचा. एका ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, हरभऱ्याएवढा गुळाचा खडा, तिखट लावलेला भाकरीचा तुकडा आणि प्रोसेस्ड चीजची एक क्यूब ठेवा. प्रत्येकाला ५० मिली वाइन. आधी नुसता एक घोट, चव लक्षात ठेवा. मग लिंबाला मीठ लावून चाटा आणि लगेच घोट घ्या. वाइन एकदम मऊ, जवळजवळ गोडसर होईल. पाणी पिऊन गूळ चघळा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाइन आंबट, कडवट आणि पातळ लागेल. चीजनंतर तुरटपणा उतरलेला कळेल, कारण टॅनिनला चिकटायला लाळेऐवजी चीजमधलं प्रथिन मिळालं आणि चरबीने तोंडाला आतून लेप दिला. तिखटाचा तुकडा शेवटी, कारण त्यानंतर काही वेळ काहीच नीट कळत नाही. पदार्थातलं मीठ आणि आंबट वाइनला सुधारतं, गोड आणि तिखट बिघडवतं, एवढं जिभेने शिकलात की पुढच्या जोड्या तुम्ही स्वतः लावाल.

चाखताना घाई नको, पण सोहळाही नको. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. २५०-३०० मिलीच्या ग्लासात जास्तीत जास्त एक तृतीयांश भरा. स्टीलचा पेला टाळा, रंग दिसत नाही. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास ग्लासाला राहतो, म्हणून नुसत्या गरम पाण्याने पुन्हा विसळा. आणि फोडणी, उदबत्ती, रूम फ्रेशनर यांच्या आधी वास घ्या. लसणाची फोडणी पडली की तासभर दुसरा कुठलाही वास त्या घरात जिंकत नाही.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन तरुण आहे, विटकरी असेल तर वय झालं. स्वस्त रेडला विटकरी कड ही चांगली खूण नाही. ग्लास न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. शिराझमध्ये पिकलेलं जांभूळ, करवंद आणि ताजी कुटलेली काळी मिरी शोधा. कॅबर्नेमध्ये कधी ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास असतो, तो दोष नाही, या द्राक्षाचा स्वभाव आहे. मग मोठा चमचाभर घोट घ्या, पाच सेकंद तोंडात फिरवा, ओठांच्या फटीतून थोडी हवा ओढा. जबड्याच्या बाजूने लाळ सुटली तर तो आंबटपणा, हिरड्या कोरड्या पडल्या तर टॅनिन, घशात ऊब आली तर अल्कोहोल. या तिघांपैकी कोण वरचढ आहे तेवढं ओळखा. गिळल्यावर चव किती सेकंद राहते ते मोजा. साडेसातशेच्या बाटलीत ती सात-आठ सेकंद टिकली तरी आमच्या मते सौदा चांगला झाला.

नुसतं झाकण उघडून ठेवल्याने वाइन ‘श्वास घेते’ हा गैरसमज आहे. बाटलीच्या मानेत रुपयाच्या नाण्याएवढीच जागा हवेला मिळते. काचेच्या किंवा स्टीलच्या जगमध्ये उंचावरून ओता, वीस मिनिटं ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं नको, वाइनमधलं आम्ल धातू खातं. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला उघडताक्षणी जळक्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा हलका वास येऊ शकतो. हवेशिवाय राहिल्याने तो साचतो आणि जगमध्ये ओतल्यावर बहुतेक वेळा जातो.

आता खऱ्या खराब बाटलीची ओळख. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित आहे, कितीही हवा दिली तरी तो जात नाही. उघडताक्षणी व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर ती तुमच्या हाती येण्याआधीच आंबली. फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास, बूच वर सरकलेलं आणि लेबलावर ओघळ, म्हणजे बाटली कुठेतरी उन्हात भाजून निघाली. अशी बाटली बिलासकट, एक-दोन घोटांपलीकडे न पिता, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी परत न्या. तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. सोमवारचा आंबटपणा बाटलीतून आला नाही, ओट्यावर आला. अर्धी रिकामी बाटली, तीसच्या वरचं तापमान, दोन दिवस: हवेमुळे फळाचा वास मेला आणि आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना मोकळं रान मिळालं.

खरेदीला जाल तेव्हा काचेच्या दर्शनी कपाटातली, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली मागा. मागच्या लेबलावर बाटलीबंद केल्याचा महिना शोधा, दीड वर्षाच्या आतला बघा. या किमतीची रेड मुरवायला केलेली नसते, तिचं सगळं भांडवल ताजं फळ आहे. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते. तिथलं ऊन भरपूर, द्राक्षं गोड पिकतात, म्हणून आपल्या रेडमध्ये अल्कोहोल सहज १३ टक्क्यांच्या पुढे जातं. तुमच्या जेवणासाठी १३.५ पेक्षा जास्त आकडा असलेली घेऊ नका. नुसती शिराझ मिळाली तर शिराझ-कॅबर्नेपेक्षा बरी, कारण कॅबर्नेत टॅनिन जास्त. टोमॅटोचा रस्सा करणार असाल तर अकलूजकडे पिकणाऱ्या सांजोवेझे द्राक्षाची वाइन बघा, तिचा आंबटपणा टोमॅटोसमोर टिकतो. घरी आणल्यावर बाटली गाडीत सोडू नका, फ्रीजच्या डोक्यावर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका. फ्रीजचा भाजीचा कप्पा सगळ्यात चांगला.

मटण बदलू नका, मसाला बदला. एक किलो मटणाला घरच्या हिशेबाने चार-पाच मोठे चमचे आगरी मसाला जात असेल तर या दिवशी एकच सपाट चमचा घाला. रंगासाठी बेडगी मिरचीची पूड दोन छोटे चमचे. उरलेली जागा मिरीला द्या: दोन छोटे चमचे ताजी कुटलेली काळी मिरी, सहा लवंगा, दोन इंच दालचिनी. मिरीचा तिखटपणा कॅप्सेसिनचा नाही, तो लवकर उतरतो आणि शिराझमध्ये तोच वास असतो, म्हणून दोघांचं जमतं. तीन मध्यम कांदे आणि ८० ग्रॅम सुकं खोबरं खरपूस भाजून वाटा. खोबऱ्याची चरबी टॅनिनला आवरते. आलं-लसूण नेहमीसारखं, मीठ तीन छोटे चमचे, त्यात हात आखडू नका, फिकं मटण वाइनला कडू करतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून तेल सुटलं की १०० मिली वाइन घाला आणि झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं उकळा, कच्च्या अल्कोहोलचा वास जायला हवा. मग मटण, दीड वाटी पाणी, मध्यम आचेवर पाच-सहा शिट्ट्या. कुकर उघडून रस अंगाबरोबर येईपर्यंत आटवा. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. चिंच-गूळ किंवा चिमूटभर साखर नको, ती कुठे गेली हे जिभेला कळणार नाही पण वाइनला कळेल. कच्चा कांदा आणि पुदिन्याची चटणी वेगळ्या वाटीत ठेवा, ज्यांना वाइन नको त्यांच्यासाठी.

घरात कुणी शाकाहारी असेल तर चुलीवर किंवा गॅसवर चांगलं जळवलेलं वांग्याचं भरीत करा: भरपूर लसूण, दोन चमचे तेल, जाडसर दाण्याचं कूट, हिरवी मिरची नावापुरती. धुराचा वास रेडशी फार सुरेख बोलतो. लोण्याचा गोळा घातलेलं भाजणीचं थालीपीठही चालतं. चखण्याला खारे शेंगदाणे आणि चीज पुरे. फरसाण गोड-तिखट असतं, ते दोन्हीकडून मारतं. आणि ठाण्याला येऊन मामलेदारची मिसळ खाल तेव्हा ताक प्या. तिच्याबरोबर जमेल अशी रेड आम्हाला माहीत नाही.

आमचा जीव मात्र एका जोडीवर आहे, तिच्यासाठी थंडीपर्यंत थांबावं लागेल. पनवेल-अलिबागकडची पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा चोळलेली कोंबडी, मडकं उपडं आणि भोवती जाळ. मिरची जवळजवळ नाही, मीठ भरपूर, कोंबडीची चरबी शेंगांत उतरलेली, सगळ्याला धूर आणि रानटी पाल्याचा वास. जानेवारीच्या रात्री शेतावर बाटलीही आपोआप १८-२० अंशांवर येते. तिथे सहाशेची शिराझ कुणालाही स्वस्त वाटत नाही. मडकं उघडल्यावर पहिला घोट शेंगांबरोबर घ्या, कोंबडी नंतर.

सहा जणांना दोन बाटल्या पुरतात, मटणातले १०० मिली वजा जाता प्रत्येकी साधारण २३० मिली होते. परत गाडी चालवणाऱ्याला ओतू नका, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची आहे आणि एवढ्या वाइनने ती सहज ओलांडते. दुसरी बाटली अर्धीच लागेल असं वाटत असेल तर ती उघडताक्षणी, जेवण सुरू होण्याआधी, वास नसलेली ३३० मिलीची फिरकीच्या झाकणाची काचेची बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आत हवा नसल्याने ती चार दिवस नीट राहते. मंगळवारी, बुधवारी कामावरून आलात की पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून ग्लासात ओता. मोठ्या बाटलीच्या तळाशी उरलेला घोट-दोन घोट मात्र ओट्यावर ठेवू नका, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पुढच्या मटणाला १०० मिली लागणारच आहे.